नामदेव : कीर्तनकार आणि त्यांची गानपरंपरा

नामदेव : (२६ ऑक्टोबर १२७०–३ जुलै १३५०). वारकरी संप्रदायातील श्रेष्ठ संतकवी, ह्या संप्रदायाच्या कीर्तनाचे आद्य प्रवर्तक आणि विठ्ठलभक्तीचे गायन पंजाबापर्यंत नेणारे गायक. वरील दोन्ही दिनांक अनुक्रमे कार्तिक शुद्ध एकादशी, शके ११९२ आणि आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२ ह्या परंपरागत तिथींवरून काढलेले आहेत. वडिलांचे नाव दामाशेटी, आईचे गोणाई. जात व व्यवसाय शिंप्याचा. पत्नी राजाई, नारा, विठा, गोंदा व म्हादा हे मुलगे, लिंबाई ही मुलगी आणि आऊबाई ही बहीण. घरातील बहुतेकांच्या नावांवर अभंग सांगितले जातात. त्याच घरात दासी म्हणून वाढलेली जनाबाई ही मराठीतील थोर कवयित्री होय.

नामदेवांच्या घराण्याचे मूळ गाव नरसी–बामणी. आज ‘नरसी नामदेव’ ह्या नावाने ओळखले जाणारे हे गाव मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी आहे. पूर्वी हा प्रदेश परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. काही जुन्या अभ्यासकांनी नरसी–बामणीचा शोध कऱ्हाडच्या परिसरात घेतला होता, तर नामदेवांचा जन्म पंढरपुरासच झाला, असे मानणाराही एक पक्ष आहे. दामाशेटी पंढरीची वारी करीत व पुढे तेथेच स्थायिक झाले, ह्याविषयी मात्र फारसा मतभेद नाही. नरसीच्या बाजूने एक गोष्ट विशेष बोलते. नामदेवांच्या चरित्रातील निर्णायक प्रसंग जेथे घडला, ते औंढा नागनाथ ह्याच जिल्ह्यात आहे आणि जनाबाईंचे गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यात गोदावरीकाठी आहे. कऱ्हाडच्या परिसराशी नामदेवकथेचा असा दाट संबंध दाखविता येत नाही.

नामदेवांच्या बालपणाविषयी सर्वपरिचित कथा नैवेद्याची आहे. वडील परगावी गेले असता लहान नामदेवांनी विठ्ठलापुढे नैवेद्य ठेवला आणि देव तो प्रत्यक्ष खाईपर्यंत हट्ट धरला, असे ती सांगते. याउलट तरुणपणी ते दरोडेखोरांच्या टोळीत होते, त्यांच्या हातून चौऱ्याऐंशी स्वार मारले गेले आणि त्यांपैकी एकाच्या विधवेचा आक्रोश औंढ्याच्या देवळात ऐकून त्यांना पश्चात्ताप झाला, अशीही एक कथा आहे. तिला आधार म्हणून दाखविला जाणारा अभंग मागाहून गाथेत शिरलेला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. दोन्ही कथांचा रोख एकच दिसतो : शास्त्राध्ययन, वर्ण किंवा कुलपरंपरा ह्यांपैकी कशाचाही आधार नसलेला माणूस केवळ आर्ततेच्या बळावर देवापुढे उभा राहतो.

ह्या आर्ततेला ज्ञानाची जोड कशी मिळाली, ह्याची हकीकत तेर येथील संतमेळ्याच्या प्रसंगात आली आहे. मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरा कुंभारांनी मडकी पारखण्याच्या थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी थापटून पाहिली. सर्वजण शांत राहिले; नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. त्यानंतर गुरूच्या शोधात ते औंढ्याच्या देवळात विसोबा खेचरांकडे गेले. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी आक्षेप घेताच, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले. पण पाय जेथे ठेवावे तेथे लिंग दिसू लागले. ह्या उपदेशानंतर नामदेवांची सगुणभक्ती मावळली नाही. तिच्या मुळाशी सर्वव्यापकतेची जाणीव आली, इतकेच. त्यांच्या नावावरील मराठी अभंगांत विठ्ठलाशी भांडणारा लडिवाळ भक्त आहे आणि उत्तरेकडील पदांत निर्गुणाचा उपासक आहे. ही दोन्ही रूपे एकाच माणसाची कशी, हा प्रश्न विचारणाऱ्यास परंपरेने औंढ्याच्या ह्या कथेत आपले उत्तर देऊन ठेवले आहे.

नामदेवांचा काळ राजकीय उलथापालथीचा होता. त्यांच्या जन्मानंतर लवकरच देवगिरीच्या गादीवर रामचंद्र यादव आला (१२७१). पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातील ‘चौऱ्याऐंशीचा लेख’ ह्या नावाने प्रसिद्ध असलेला शिलालेख १२७३ ते १२७७ ह्या काळातील असून त्यात देवळाला दान देणाऱ्यांची नोंद आहे. म्हणजे नामदेव लहान असतानाच विठ्ठलाला राजाश्रय व लोकाश्रय दोन्ही लाभलेले होते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खल्‌जीने देवगिरीवर स्वारी केली व त्याच वर्षी आळंदीस ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. १३१८ मध्ये यादवांचे राज्य संपले, १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले. ज्ञानेश्वर व त्यांची भावंडे काळाआड गेल्यानंतर सुमारे अर्धशतक नामदेव जगले. राज्ये बदलत असता संतमेळ्याची आठवण जिवंत ठेवण्याचे काम प्रामुख्याने त्यांच्याकडे आले.

ते काम त्यांनी कसे केले, हे त्यांच्या ‘आदी’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ ह्या तीन प्रकरणांवरून दिसते. ज्ञानेश्वरांचे कुलवृत्त, नामदेवांसह त्यांनी केलेली तीर्थयात्रा आणि आळंदीचा समाधिप्रसंग असे त्यांचे विषय आहेत. ज्ञानेश्वरांचे चरित्र म्हणून जे आज सर्वत्र सांगितले जाते, त्याचा पाया ह्याच अभंगांवर उभा आहे. मराठीतील पद्यचरित्राचा आरंभ त्यांच्यापासून मानण्यात येतो. तीर्थावळीतील विहिरीची कथा येथे नमूद करण्याजोगी आहे. वाळवंटी प्रदेशात दोघांना तहान लागली. विहीर फार खोल होती. ज्ञानेश्वर योगसिद्धीने आत उतरून पाणी पिऊन आले. नामदेवांना ती विद्या नव्हती. त्यांनी विठ्ठलाचा धावा केला, तेव्हा पाणी उसळून काठावरून वाहू लागले. ज्ञानमार्ग व नाममार्ग ह्यांच्या तुलनेसाठी कीर्तनकार ही कथा आजही वापरतात. ती सांगताना ज्ञानेश्वरांचा मान यत्किंचितही कमी होऊ द्यायचा नाही, हे पथ्य मात्र कसोशीने पाळले जाते.

‘समाधी’च्या अभंगांतील भाव वेगळा आहे. मित्राच्या निरोपाच्या वेळी जमलेले लोक, निवृत्तिनाथांचा आवरता न येणारा शोक, समाधिस्थानाची तयारी व शिळा लावण्याचा क्षण असा तपशील त्यांत आहे. पुढे चोखामेळा मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून मृत्यू पावले (१३३८). त्यांच्या अस्थी आणून विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर समाधी देण्याचे कार्य नामदेवांनी केले, असे परंपरा सांगते. ज्याला देवळात प्रवेश नव्हता त्याला देवळासमोर कायमची जागा मिळवून देणारा हा शिंपी स्वतःही शेवटी त्याच द्वाराची पायरी झाला. ह्या दोन समाधींमधले अंतर काही पावलांचेच आहे.

नामदेवांचे वैशिष्ट्य नीट ध्यानात यावे म्हणून एका दूरच्या परंपरेकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पश्चिम आफ्रिकेतील मांदे भाषक समाजांत ‘जेली’ ह्या नावाने ओळखला जाणारा वंशपरंपरागत गायकांचा वर्ग आहे. यूरोपीय लेखक त्यालाच ‘ग्रिओ’ म्हणतात. राजकुळांच्या वंशावळी, लढाया, करार हे सर्व हे गायक तोंडपाठ ठेवतात आणि कोरा ह्या एकवीस तारांच्या वाद्यावर किंवा बालाफोन ह्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर गातात. तेराव्या शतकात माली साम्राज्य स्थापन करणाऱ्या सुंद्याता केइताची कथा ह्याच घराण्यांनी जतन केली. गिनीचे इतिहासकार जिब्रिल तामसिर निआन ह्यांनी एका जेलीच्या तोंडून ऐकून ती १९६० मध्ये फ्रेंच गद्यात प्रसिद्ध केली, तेव्हा ती जगभर माहीत झाली. काळाचा योग असा, की सुंद्याता आणि नामदेव हे एकाच शतकाशी संबंधित आहेत. एका राजाचा आणि एका शिंप्याचा वृत्तांत जवळजवळ सारख्याच रीतीने, म्हणजे गळ्यातून गळ्यात, आपल्यापर्यंत आला.

साम्य मात्र येथेच संपते. जेली जन्माने गायक असतो; त्याची स्मृती आश्रयदात्या कुळाची असते. महाराष्ट्रातही गोंधळी, वासुदेव, भराडी असे गाण्यावर उपजीविका करणारे परंपरागत वर्ग होते व आहेत. नामदेव त्यांपैकी नव्हते. कात्री आणि सुई हे त्यांचे पिढीजात साधन होते. ग्रंथसाहिबातील त्यांच्या एका पदात मन हा गज, जीभ ही कात्री, सुई सोन्याची व दोरा रुप्याचा, असे रूपक आले आहे. त्यांचे गाणे कोणा राजाच्या दरबारातले नव्हते. चंद्रभागेच्या वाळवंटात जमलेल्या यात्रेकरूंपुढचे ते होते. गायकाला जन्माची अट नाही, श्रोत्याला जातीची अट नाही आणि गाण्याला बिदागीची अपेक्षा नाही, ही मांडणी त्या काळात साधी नव्हती. तिचा व्यवहार सर्वत्र आदर्शाप्रमाणे झाला, असे म्हणता येत नाही. विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले होण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले.

कीर्तन नामदेवांपूर्वीही होते. नारद हे कीर्तनाचे दैवत मानले जाते आणि ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात कीर्तनाचा महिमा वर्णिलेला आहे. नामदेवांनी त्याला वारकरी वळण दिले. ह्या कीर्तनाची आजची घडण पुढील शतकांत सिद्ध झाली असली, तरी तिचे मुख्य अंग त्यांच्याकडे नेले जाते. कीर्तनकार उभा असतो. त्याच्या मागे टाळकरी अर्धवर्तुळात, त्यांच्यात वीणेकरी व एका बाजूस मृदंग. प्रारंभी नामघोष होतो. मग निरूपणासाठी एक अभंग घेतला जातो. त्यातील ध्रुपद टाळकरी पुन्हापुन्हा उचलतात, ह्यालाच झील धरणे म्हणतात. कीर्तनकार चरणामागून चरण उलगडीत जातो आणि आपल्या विधानांना इतर संतांच्या अभंगांचे ‘प्रमाण’ देतो. प्रमाण सुरू होताच टाळकऱ्यांना ते ओळखून चालीत उचलावे लागते. त्यामुळे कीर्तनकाराबरोबरच त्याच्या मागे उभे असलेले दहा-वीस जणही अभंगांचे भांडार मुखोद्‌गत बाळगून असतात. पूर्वरंग व उत्तररंग असे दोन भाग असलेले आणि आख्यानावर भर देणारे नारदीय कीर्तन ह्याहून वेगळे आहे. ते प्रामुख्याने एकट्या हरिदासाच्या कौशल्यावर चालते. वारकरी कीर्तन समूहाच्या स्मरणावर चालते.

अभंग हा छंद ह्या कामासाठी फार सोयीचा ठरला. चरण लहान, अक्षरसंख्या ठरलेली पण मात्रांचे बंधन सैल, यमक जवळजवळ. यामुळे शब्द सहज पाठ होतात व चाल बदलली तरी अडत नाही. अभंगाच्या चरणांतील अक्षरसंख्येविषयीची एक रचनाही नामदेवांच्या नावावर आहे. शेवटच्या चरणात कवीची नाममुद्रा येते. गाणारा कोणीही असो, त्या चरणाशी आला की त्याला ‘नामा’ हे नाव उच्चारावेच लागते. कवीचे नाव विसरू नये, अशी ही व्यवस्था आहे. मात्र हेच नाव घेऊन दुसऱ्याला नवी रचना करणेही तिच्यामुळे सोपे झाले.

येथून नामदेवांच्या गाथेचा कठीण प्रश्न सुरू होतो. त्यांच्या नावावर आज सु. अडीच हजार अभंग आहेत. ते सर्व त्यांचे नाहीत, ह्याविषयी अभ्यासकांत एकमत आहे. त्यांचे नेमके कोणते, ह्याविषयी नाही. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचा एक समर्थ कवी होऊन गेला. त्याने मराठीत महाभारत रचले. त्याची नाममुद्राही ‘नामा’ अशीच येत असल्याने दोघांच्या रचना एकमेकींत मिसळल्या. त्याखेरीज आपली रचना नामदेवांच्या नावे अर्पण करणारे अनामिक भक्त किती असतील, ह्याची गणती नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनी वैष्णव व शैव पंथांवरील आपल्या १९१३ मधील ग्रंथात नामदेवांच्या अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा बरीच अर्वाचीन आहे, ह्या मुद्द्यावर नामदेव ज्ञानेश्वरांनंतर सुमारे शतकाने झाले असावेत, असे मत मांडले. ते मान्य केले, तर तीर्थावळी व समाधी ह्या प्रकरणांतील प्रत्यक्षदर्शी साक्ष कोसळते आणि ज्ञानेश्वरांचे बहुतेक चरित्रच निराधार होते. त्यामुळे हा वाद केवळ एका कवीच्या कालनिर्णयापुरता मर्यादित नव्हता.

भांडारकरांच्या मताचा प्रतिवाद करणाऱ्यांनी नामदेव–ज्ञानेश्वर ह्यांचे समकालीनत्व उचलून धरले आणि भाषेचे अर्वाचीनत्व गायनपरंपरेचा परिणाम म्हणून स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. त्याची सत्यता पटण्यासाठी तेराव्या शतकातील तीन मराठी वाङ्‌मयांचे भवितव्य शेजारी ठेवून पाहावे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. त्यामुळे लीळाचरित्राची भाषा पुष्कळशी जुनी राहिली, परंतु ते शतकानुशतके पंथाबाहेर कोणास वाचता आले नाही. ज्ञानेश्वरी लिखित ग्रंथ म्हणून प्रतींमधून पसरली. तीत पाठभेद शिरले, तेव्हा एकनाथांनी १५८४ मध्ये तिचे संशोधन करून पाठ स्थिर केला. नामदेवांच्या अभंगांना ना सांकेतिक लिपी लाभली, ना एकनाथांसारखा संपादक. ते गायले गेले. गाणारा माणूस मागील पिढीचा शब्द कळेनासा झाला, की तो आपल्या काळच्या शब्दाने बदलतो. श्रोत्यांना अर्थ कळावा, हीच त्याची पहिली गरज असते. संहितेच्या दृष्टीने ही हानी होय. पण सातशे वर्षांनंतरही खेड्यातील निरक्षर माणसाला नामदेव भाष्याशिवाय कळतात आणि त्याच माणसाला ज्ञानेश्वरी समजावून सांगावी लागते, ह्याचे कारणही तेच आहे.

कीर्तनकारांनी लेखनाकडे पूर्णपणे पाठ फिरविली होती, असे नाही. अभंग, दृष्टांत, आख्यानांचे टिपण ह्यांची लांबट आकाराची हस्तलिखित वही, म्हणजे ‘बाड’, त्यांच्याजवळ असे. अमेरिकन अभ्यासक क्रिस्तियान ली नोवेत्स्की ह्यांनी नामदेवांवरील २००८ मधील आपल्या ग्रंथात ह्या बाडांचा सूक्ष्म विचार केला आहे. बाड हे ग्रंथाची प्रत नव्हे. ते गाणाऱ्याच्या स्मृतीला दिलेले टेकण आहे, हे त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते. ही दृष्टी स्वीकारली, की ‘मूळ’ नामदेव कोणता, ह्या प्रश्नाबरोबरच कोणत्या काळाने कोणता नामदेव गाइला, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्र शासनाने १९७० मध्ये, नामदेवांच्या सप्तशताब्दीच्या निमित्ताने, श्रीनामदेवगाथा प्रसिद्ध केली. तिच्यामुळे विखुरलेली सामग्री एकत्र आली. निर्णायक संहिता मात्र अद्याप सिद्ध झालेली नाही आणि ती कधी होऊ शकेल, असेही दिसत नाही.

परंपरेने स्वतःच ह्या प्रश्नाचा एक तोडगा काढला होता, असे म्हणता येईल. नामदेवांनी शतकोटी अभंग रचण्याची प्रतिज्ञा केली व घरातील सर्वांना त्या कामी लावले. तरीही संख्या पुरी झाली नाही. तेव्हा तीन शतकांनंतर विठ्ठलासह ते तुकारामांच्या (१६०८–५०) स्वप्नात आले आणि उरलेली संख्या पूर्ण करण्यास त्यांनी सांगितले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातील आकडा शब्दशः घ्यावयाचा नाही. एका गायकाचे काम त्याच्या मृत्यूने संपत नाही. ते पुढचा गायक उचलतो, असा ह्या कथेचा भाव आहे. अठराव्या शतकात महिपतींनी (१७१५–९०) भक्तविजय (१७६२) लिहिला. ते स्वतः कीर्तनकार होते आणि नामदेवचरित्राचे जे रूप आज घरोघर माहीत आहे, ते बव्हंशी त्यांनी घडविलेले आहे.

जनाबाईंचा विचार येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. त्यांनी आपल्या नाममुद्रेत स्वतःस नामदेवांची दासी म्हटले आहे. कीर्तनाच्या वाळवंटात उभे राहणे त्या काळच्या दासीला शक्य नव्हते. तिचे गाणे जात्यावर, शेणगोळा करताना, झाडलोट करताना झाले. विठ्ठल दळू लागतो, हा तिचा आवडता विषय. मराठवाड्यात दळणाच्या वेळी बायकांनी गाइलेल्या ओव्यांत जनाबाई वारंवार येते. गिरण्या आल्यानंतर जाती मागे पडली व ओव्यांचे ते दैनंदिन स्थानही नाहीसे होत गेले. नामदेवांच्या कीर्तनाला सप्ताह व वारी ह्यांचा आधार राहिला. जनाबाईंच्या परंपरेचा आधार घरातले काम हाच होता आणि त्यामुळे तिची हानी अधिक झाली.

ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर केव्हा तरी नामदेव उत्तरेकडे गेले. पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे दीर्घ काळ वास्तव्य होते, असे मानतात. तेथे त्यांच्या नावाचा गुरुद्वारा असून माघ महिन्यात जत्रा भरते. त्यांचा अंतही घुमान येथेच झाला, अशी पंजाबातील समजूत आहे. मराठी परंपरेनुसार तो पंढरपुरास विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी झाला व तेथील पहिल्या पायरीस ‘नामदेव पायरी’ म्हणतात. देवदर्शनास जाणाऱ्यांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी ही जागा मागून घेतली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. ह्या पायरीवर पाय न ठेवता तिला हात लावून पुढे जाण्याची मात्र वारकऱ्यांची रीत आहे.

गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. ती गौडी, आसा, सोरठ, धनाश्री, भैरव, मल्हार, कानडा इ. अठरा रागांत विभागलेली आहेत. म्हणजे तेथेही त्यांचे स्थान गायक म्हणूनच आहे. ग्रंथाची मांडणी रागांनुसार असल्यामुळे पद कसे गावयाचे हे त्याच्या स्थानावरूनच ठरते. ह्या संकलनानंतर पाठ स्थिर झाला. मराठी नामदेवांची निश्चित संहिता मराठीत नाही आणि त्यांची जुनी, निश्चित पदावली गुरुमुखीत आहे, ही वस्तुस्थिती मराठी वाचकाला काहीशी चकित करणारी आहे. पंजाबातील नामदेव वेगळेच कोणी असावेत, अशी शंका काहींनी घेतली होती. परंतु पदांत येणारे ‘बीठल’ हे दैवतनाम, शिंप्याच्या व्यवसायाचे उल्लेख आणि मराठी वळणाची क्रियारूपे ह्यांमुळे दोघांचे अभिन्नत्व सामान्यतः मान्य झाले आहे. विशेष म्हणजे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळातून हाकलले असता ते मागच्या बाजूस जाऊन गाऊ लागले व देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही औंढा नागनाथची कथा ग्रंथसाहिबातील पदांतही आली आहे. मराठवाड्यातील एका देवळाची आख्यायिका अशा रीतीने पंजाबच्या धर्मग्रंथात नित्यगायनाचा विषय झाली.

उत्तरेतील संतांनीही त्यांचे स्मरण आदराने केले आहे. कबीर व रविदास ह्यांच्या पदांत त्यांचे नाव येते. अनंतदास ह्यांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची परचई लिहिली व नाभादासांच्या भक्तमालेत त्यांना स्थान मिळाले. राजस्थानात दादूपंथीयांच्या संग्रहांत त्यांची पदे जतन झाली. ही हिंदी पदावली विनांद कॅलेवार्ट व मुकुंद लाठ ह्यांनी हस्तलिखितांच्या आधारे १९८९ मध्ये संपादित केली. तिच्यातील पाठभेदांचे बरेचसे स्वरूप गाणाऱ्यांच्या सवयींनी समजते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मराठी गाथेविषयीच्या तर्काला उत्तरेकडून मिळालेली ही पुष्टीच होय.

नामदेवांचा वारसा आज अनेक ठिकाणी विभागलेला आहे. पंढरपुरातील नामदास घराणे स्वतःला त्यांचे वंशज मानते आणि दर वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीच्या समाधिसोहळ्यात ज्ञानेश्वरांच्या समाधीचे कीर्तन करण्याचा मान त्या घराण्याकडे आहे. मित्राच्या निरोपाचे अभंग मित्राच्या वंशजांनी त्याच जागी गावेत, ही प्रथा आफ्रिकेतील जेलींनाही परकी वाटणार नाही. विसाव्या शतकात अभंग मैफलीत आला. राम फाटक ह्यांनी स्वरबद्ध केलेली व भीमसेन जोशी (१९२२–२०११) ह्यांनी गायलेली नामदेवांची रचना आकाशवाणी व ध्वनिमुद्रिका ह्यांमुळे वारी कधीही न केलेल्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली. मैफलीत मात्र झील धरणारे टाळकरी मागे पडतात; श्रोता ऐकतो, गात नाही. अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सदानंद मोरे ह्यांच्या अध्यक्षतेखाली एप्रिल २०१५ मध्ये घुमान येथे भरले.

मूळ भूमीत परंपरेचे स्वरूप साधे आहे. आषाढी एकादशीला पंढरपुरास गेलेले वारकरी परतल्यावर आषाढ वद्य एकादशीस नरसी येथे मोठी यात्रा भरते; तिला ‘परतवारी’ म्हणतात. पंढरीची वारी नामदेवांच्या जन्मगावी येऊन पुरी होते, असा तिचा संकेत आहे. नरसीच्या पश्चिमेस साखरा आदी गावांचा सेनगाव तालुका आहे. त्या बाजूने वाहत येणारी कयाधू नरसीवरून पुढे हिंगोली, कळमनुरीकडे जाते व अखेर पैनगंगेस मिळते. हिंगोलीच्या दक्षिणेस औंढा, आग्नेयेस नांदेड. गोदाकाठच्या ह्या नांदेड शहरी गुरू गोविंदसिंहांनी १७०८ मध्ये देह ठेवण्यापूर्वी ग्रंथास गुरुपद दिले. तेथील सचखंड गुरुद्वाऱ्यात रागी त्या ग्रंथातील पदे गातात, तेव्हा नरसीच्या शिंप्याची पदेही त्यांत असतात. पंजाबातून गुरुमुखी लिपीत परत आलेले हे गाणे शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील कीर्तनांत टाळमृदंगावर मराठीत चालू असते.